कॉक्स-फोरची अँटिबॉडी हातात घेण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या आमच्या प्रयोगशाळेच्या उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये कॉक्स-फोर या प्रथिनाला ओळखून चिकटणाऱ्या अँटिबॉडीच्या दोन कुप्या असतात. एक सशापासून बनवलेली, दुसरी उंदराची. एमएस्सीच्या प्रकल्पापासून पीएचडीपर्यंत जो कोणी तंतुकणिकांवर (मायटोकॉन्ड्रियांवर) काम करायला येतो, तो कधी ना कधी या कुप्यांपाशी पोहोचतो आणि दर वर्षी त्याच अडचणी घेऊन माझ्या टेबलाशी उभा राहतो. मुलांचे महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत, ते पुन्हा जाऊ नयेत म्हणून हे पान लिहिलं आहे.

कॉक्स-फोर म्हणजे नेमकं काय?

तंतुकणिकेच्या आतल्या आवरणात श्वसनसाखळीची चार मोठी संकुलं असतात. त्यातलं चौथं म्हणजे सायटोक्रोम सी ऑक्सिडेज. आपण श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनचं पाणी होतं ते इथे. माणसात या संकुलातल्या तीन उपघटकांची जनुकं तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएमध्ये आहेत, बाकीच्यांची पेशीकेंद्रात. कॉक्स-फोर हा पेशीकेंद्रातून येणारा उपघटक आहे. तो पेशीद्रवात १६९ अमिनो आम्लांचा बनतो, तंतुकणिकेत शिरताना पुढची २२ कापली जातात आणि १४७ अमिनो आम्लांचं प्रथिन उरतं. ब्लॉटमध्ये प्रथिनं जेलवर वजनाप्रमाणे वेगळी करून मेंब्रेनवर उतरवतात आणि अँटिबॉडीने हवं ते शोधतात, त्याची रेघ म्हणजे बँड. कॉक्स-फोरचा बँड १७ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपास दिसतो.

मला कॉक्स-टू हवी होती. तीच ना ही?

ऑर्डर देण्याआधी विचारलंत, बरं केलं. औषधशास्त्रात आणि सूज-दाहाच्या कामात ज्याला कॉक्स-टू म्हणतात ते सायक्लोऑक्सिजनेज. वेदनाशामक गोळ्या ज्याला अडवतात, ते. वजन ७० किलोडाल्टनच्या वर. तंतुकणिकेतलं कॉक्स-टू हे सायटोक्रोम ऑक्सिडेजचा दुसरा उपघटक, जेमतेम २५ किलोडाल्टनचं. अक्षरं तीच, पण दोन प्रथिनांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आमच्याकडे एका विद्यार्थ्याने चुकून सायक्लोऑक्सिजनेजची कुपी मागवली होती. ती आली, ब्लॉट झाला, ७२ वर छान बँड आला आणि तो ‘तंतुकणिकेचा’ म्हणून सेमिनारपर्यंत गेला. तेव्हापासून ऑर्डरच्या कागदावर मी जनुकाचं पूर्ण नाव आणि अपेक्षित वजन लिहून घेते. कॉक्स-फोरसाठी जनुकाचं नाव सीओएक्स४आय१.

ताई, बँडच काहून दिसत नाही?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. बहुतेक वेळा अँटिबॉडीचा दोष नसतो. प्रथिन लहान आहे, आणि आपण सगळी पद्धत अ‍ॅक्टिनच्या ४२ किलोडाल्टनसाठी बसवलेली असते.

आधी जेल पाहा. १० टक्क्यांच्या जेलवर निळा रंग तळाशी पोहोचेपर्यंत १७ किलोडाल्टनचं प्रथिनही रंगाच्या अगदी मागोमाग गेलेलं असतं. चहा घ्यायला गेलात आणि रंग बाहेर पडला, तर त्याच्यासोबत तुमचं प्रथिनही बफरमध्ये गेलं म्हणून समजा. १५ टक्क्यांचं जेल ओता किंवा ४ ते २० टक्क्यांचं ग्रेडियंट वापरा.

मग मेंब्रेन. आमच्या कपाटात ०.४५ मायक्रॉनची गुंडाळी नेहमी समोर असते, म्हणून मुलं तीच उचलतात. इतकं लहान प्रथिन तिच्यातून आरपार निघून जाऊ शकतं. या कामासाठी ०.२ मायक्रॉनची पीव्हीडीएफ घ्या, मिथेनॉलमध्ये नीट भिजवा आणि रात्रभराचं ट्रान्सफर टाळा. १०० व्होल्टला थंड बफरमध्ये तासाभरात काम होतं. शंका असेल तर एकामागे एक दोन मेंब्रेन ठेवा. मागच्या मेंब्रेनवर बँड उमटला, तर ट्रान्सफर जास्त झालं. कुठल्याही मदतकक्षाला फोन करण्यापेक्षा ही तपासणी लवकर उत्तर देते.

मेंब्रेनवर उतरलेली सगळी प्रथिनं लाल दाखवणारा पॉन्सोचा रंग टाकल्याशिवाय पुढे जाऊ नका. लेनच्या खालच्या भागात लाल रेघा दिसत नसतील, तर अँटिबॉडी घालण्याचा काहीच उपयोग नाही, कुपीतले पाच मायक्रोलिटर तेवढे जातील.

शेवटी नमुना. हृदय, मूत्रपिंड, यकृत, तपकिरी चरबी यांत तंतुकणिका भरपूर, तिथे ५ मायक्रोग्रॅम प्रथिनही पुरतं. हेलासारख्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचं १५ ते २० मायक्रोग्रॅम लागतं. पहिल्यांदा करत असाल तर शेजारी उंदराच्या हृदयाचा एक नमुना नक्की चढवा. तिथेही बँड नसेल तर दोष पद्धतीत आहे. तिथे आहे आणि तुमच्याकडे नाही, तर मग आपण बसून बोलू.

किती वापरायची? उरलेली परत वापरता येते का?

ब्लॉटसाठी १:१००० पासून सुरुवात करा. कुपीत १०० मायक्रोलिटर असते, ५ मिलिलिटर द्रावणाला ५ मायक्रोलिटर लागतात, म्हणजे एका कुपीत वीस ब्लॉट. हा हिशेब डोक्यात ठेवलात की ५ मिलिलिटरऐवजी १५ ओतायचा मोह होणार नाही. पातळ केलेलं द्रावण ४ अंशांवर ठेवून दोन-तीनदा वापरता येतं, पण ज्या ब्लॉटवरून आकडे काढायचे आहेत त्याला नवीनच घ्या. पेशींच्या चकाकत्या चित्रांसाठी, म्हणजे इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, साधारण १:२०० पासून.

पार्सल मे महिन्यात आलं आणि बर्फ वितळलेला होता. फेकायची का?

थांबा, लगेच फेकू नका. इथला मे महिना म्हणजे काय हे नागपूरकरांना सांगायची गरज नाही. २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. एका वर्षी शनिवारी दुपारी आलेला थर्माकोलचा डबा सोमवारी सकाळपर्यंत फाटकाजवळच्या खोलीत पडून राहिला. आम्ही उघडला तेव्हा आत फक्त कोमट पाणी होतं. मी त्या कुपीची जुन्या लॉटशी तुलना केली. एकाच लायसेटचे (फोडलेल्या पेशींच्या द्रावणाचे) २.५, ५, १० आणि २० मायक्रोग्रॅम दोन मेंब्रेनवर चढवले, एकाला जुनी अँटिबॉडी, एकाला नवी. दोन्हींत बँड जवळपास सारखे आले. आयजीजी, म्हणजे अँटिबॉडीचा रेणू, काही दिवसांची ऊब बऱ्यापैकी सोसतो. पण त्या एका कुपीने सोसली म्हणून प्रत्येक कुपी सोसेल असं मी म्हणणार नाही. तुलना केल्याशिवाय वापरूही नका आणि टाकूही नका.

अँटिबॉडी दुसऱ्या विभागात न्यायची असेल तर स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टीसारखी तापते. लहान थर्मासात बर्फ घालून न्या. ग्लिसरॉल असलेली कुपी उणे २० ला गोठत नाही, द्रवच राहते. त्यामुळे ‘फ्रीझर बिघडला’ म्हणून धावत येऊ नका. जिच्यात ग्लिसरॉल नाही तिचे मात्र आल्या दिवशीच छोटे भाग करा. दर वेळी गोठणं-वितळणं तिला मारतं. आपोआप बर्फ झाडणाऱ्या घरगुती फ्रीजमध्ये अँटिबॉडी ठेवायची नाही. तो स्वतःला सारखा गरम-थंड करत असतो.

कुपीवर सोडियम अ‍ॅझाइड लिहिलं आहे. त्याने काय होतं?

बुरशी-जिवाणू वाढू नयेत म्हणून ते घातलेलं असतं. इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अ‍ॅझाइड जिथे जाऊन बसतं ते ठिकाण म्हणजे सायटोक्रोम सी ऑक्सिडेजच. सायनाइड आणि कार्बन मोनॉक्साइडप्रमाणेच ते या संकुलाला अडवतं. म्हणजे ज्या प्रथिनाला आपण शोधतो आहोत, त्याच प्रथिनाचं विष त्याच कुपीत आहे. गोठवलेल्या, स्थिर केलेल्या किंवा उकळलेल्या नमुन्यात त्याने काही बिघडत नाही. पण जिवंत पेशींवर अँटिबॉडी घालायची असेल, किंवा शेजारी ऑक्सिजन वापराचं मापन चालू असेल, तर अ‍ॅझाइड नसलेली कुपी मागवा.

पहिल्या (प्रायमरी) अँटिबॉडीला पकडणारी दुसरी अँटिबॉडी म्हणजे सेकंडरी. तिला जोडलेल्या, सिग्नल देणाऱ्या एचआरपी एन्झाइमलाही अ‍ॅझाइड थांबवतं, म्हणून सेकंडरीच्या द्रावणात ते कधीच घालू नका. आणि सिंकमध्ये ओतू नका. तांब्या-शिशाच्या नळांत साचून त्याचे स्फोटक क्षार बनू शकतात. त्यासाठी पिवळा डबा आहे.

कॉक्स-फोर लोडिंग कंट्रोल म्हणून वापरू का?

लोडिंग कंट्रोल म्हणजे प्रत्येक लेनमध्ये नमुना सारखा चढला का हे दाखवणारं प्रथिन. बरेच जण ही कुपी याचसाठी मागतात, आणि मी बरेचदा नकार देते. कारण असं.

पेशी फोडून तंतुकणिका वेगळ्या केल्या आहेत, आणि प्रत्येक लेनमध्ये तंतुकणिकांचं प्रथिन सारखं चढलं का एवढंच पाहायचं आहे, तर कॉक्स-फोर उत्तम. केंद्रक, पेशीद्रव आणि तंतुकणिका नीट वेगळ्या झाल्या का हे पाहायलाही ते चांगलं. लॅमिन (केंद्रकाचं), ट्यूब्युलिन (पेशीद्रवाचं) आणि कॉक्स-फोर या तिघांचे ब्लॉट एकत्र ठेवले की विलगीकरण स्वच्छ आहे की नाही ते लगेच कळतं.

पण तुमचा प्रश्नच जर ‘या औषधाने किंवा या आजारात तंतुकणिका कमी झाल्या का’ असा असेल, तर कॉक्स-फोर हे तुमचं उत्तर आहे, मोजपट्टी नाही. ज्याची उंची मोजायची त्यालाच पट्टी म्हणून वापरता येत नाही. अशा वेळी लेनमधलं एकूण प्रथिन धरा.

ऑक्सिजन कमी केलेल्या पेशींत तर आणखी सांभाळा. या प्रथिनाचे दोन प्रकार आहेत, ४-१ आणि ४-२. ऑक्सिजन घटला की एचआयएफ-१ हा नियंत्रक ४-२ चं उत्पादन वाढवतो आणि त्याच वेळी लॉन नावाचं प्रथिन-विघटक वाढवतो, जे ४-१ ला तोडतं. हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. बाजारातल्या पुष्कळ अँटिबॉडी फक्त ४-१ ओळखतात. मग बँड फिका पडला तर लोडिंग चुकलं असं वाटतं, प्रत्यक्षात पेशी आपलं काम चोख करत असते. फुप्फुसात ४-२ एरवीही असतं, म्हणून फुप्फुसाच्या नमुन्यातही हीच काळजी घ्या. अशा प्रयोगांत व्हीडॅक किंवा एसडीएचए हे तंतुकणिकेतलं दुसरं प्रथिन सोबत घ्या. दोघांनीही एकच गोष्ट सांगितली तर विश्वास ठेवा.

रक्ताच्या नमुन्यात लाल पेशी निगेटिव्ह कंट्रोल म्हणून चालतील ना? पुस्तकात तर लिहिलंय की त्यांत तंतुकणिका नसतात.

पुस्तकात बरोबर लिहिलंय, पण विदर्भात हा कंट्रोल डोळे मिटून घेता येत नाही. निरोगी माणसाच्या परिपक्व लाल पेशीत तंतुकणिका नसतात, ती परिपक्व होताना त्या काढून टाकते. नुकत्या बाहेर पडलेल्या रेटिक्युलोसाइटमध्ये मात्र काही शिल्लक असतात. आणि सिकलसेलच्या रुग्णांच्या परिपक्व लाल पेशींतही तंतुकणिका टिकून राहिलेल्या आढळल्या आहेत. आपल्या भागात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. नमुना कुणाचा आहे, त्याची सिकलसेल तपासणी झाली आहे का, हे न पाहता ‘इथे बँड नसायलाच हवा’ असं गृहीत धरलंत, तर एक खरा आणि महत्त्वाचा सिग्नल तुम्ही घाण समजून पुसून टाकाल. मला वाटतं, नागपुरात बसून या प्रश्नावर काम करणाऱ्याने हे आधी शिकलं पाहिजे.

दुसरी अडचण वजनाची. हिमोग्लोबिनची एक साखळी साधारण १६ किलोडाल्टनची, म्हणजे कॉक्स-फोरच्या अगदी शेजारी. लाल पेशींच्या लायसेटमध्ये ती इतकी प्रचंड असते की त्या जागी लेन फुगते, वाकडी होते, आणि १७ चा बँड कुठे सरकला हेच कळत नाही. शिवाय हिमोग्लोबिनमधल्या हीममुळे ईसीएलमध्ये, म्हणजे बँड चमकवणाऱ्या द्रावणात, अँटिबॉडीशिवायही थोडी चमक येऊ शकते. त्यामुळे रक्ताच्या ब्लॉटला एक लेन प्रायमरीशिवाय चालवाच. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स नीट काढल्या का, तेही पाहा. दोघांतही तंतुकणिका असतात, थोड्याही उरल्या तरी बँड देतात. हृदय किंवा यकृत घेताना रक्त धुऊन काढण्याचं कारणही हेच.

ऊतीच्या कापांवर तपकिरी रंग सगळीकडे येतो. अँटिबॉडी खराब आहे का?

तुम्ही अ‍ॅव्हिडिन-बायोटिनचा किट वापरताय का, ते आधी सांगा. तंतुकणिकेतच बायोटिन जोडलेली एन्झाइम असतात, उदाहरणार्थ पायरुव्हेट कार्बोक्सिलेज. यकृत आणि मूत्रपिंडात ती भरपूर. अ‍ॅव्हिडिन थेट त्यांना चिकटतं आणि रंग दिसतो अगदी तंतुकणिकेसारखा, कणीदार. कारण तो खरोखर तंतुकणिकेतूनच येतोय, फक्त कॉक्स-फोरमधून नाही. इतका फसवा खोटा सिग्नल मी दुसरा पाहिलेला नाही. पॉलिमरचा किट घ्या किंवा आधी बायोटिन अडवा.

उंदराच्या ऊतीवर उंदराची अँटिबॉडी वापरली तर सेकंडरी ऊतीतल्या मूळ आयजीजीलाही पकडते. तिथे सशाची कुपी घ्या.

केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या मैत्रिणीला बोंडअळीत हीच वापरायची आहे. चालेल?

माझा अंदाज नको, अनुक्रम पाहा. ही अँटिबॉडी माणसाच्या प्रथिनाच्या एका तुकड्यावर बनवलेली आहे. माणूस, उंदीर, घूस यांत तो तुकडा जवळपास सारखा, पण कीटकात पुष्कळ बदललेला असतो. कंपनीकडून तो तुकडा कुठला ते विचारून घ्या आणि अळीच्या अनुक्रमाशेजारी ठेवा. निम्मी अक्षरंही जुळत नसतील तर कुपी वाया घालवू नका.

यीस्टवाल्यांसाठी वेगळी सूचना: यीस्टमधलं ‘कॉक्स-फोर’ हे माणसाच्या कॉक्स-५बी चं भावंड आहे, आणि माणसाच्या कॉक्स-फोरचं भावंड यीस्टमध्ये कॉक्स-५ या नावाने आहे. नाव पाहून मागवलं तर चुकणार. संत्र्याच्या पानांसाठी ही कुपी घेऊ नका, वनस्पतींसाठी बनवलेल्या अँटिबॉडी वेगळ्या मिळतात.

पाच संकुलांच्या कॉकटेलसोबत नमुना उकळायचा की नाही?

नाही. हे कॉकटेल म्हणजे श्वसनसाखळीची चार संकुलं आणि पाचवं एटीपी सिंथेज यांच्या अँटिबॉडींचं मिश्रण. कॉक्स-फोर ९५ अंश सहन करतं. कॉकटेलमधलं कॉक्स-वन आवरणात बारा वेळा आत-बाहेर करणारं प्रथिन आहे. उकळलं की त्याचे गोळे होतात आणि ते जेलमध्ये शिरतच नाही. ५० अंशांना पाच मिनिटं पुरे. कॉक्स-वनचं गणितातलं वजन ५७ असलं तरी ते जेलवर ३५ ते ४० च्या दरम्यान दिसतं, त्याने घाबरू नका.

बँड जाड आला. म्हणजे संकुल चांगलं काम करतंय ना?

बँडवरून ते कळत नाही. प्रथिन आहे एवढंच अँटिबॉडी सांगते. काम पाहायचं तर सायटोक्रोम सी चं ऑक्सिडेशन ५५० नॅनोमीटरवर मोजा. स्नायूचा गोठवलेला काप असेल तर कॉक्स आणि एसडीएच (श्वसनसाखळीचं दुसरं संकुल) यांचं दुहेरी रंजन करा. जिथे कॉक्सचं काम बंद, तो तंतू तपकिरीऐवजी निळा दिसतो. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की चित्र पूर्ण होतं.

मेडिकल कॉलेजमधल्या एका रुग्णाच्या बायोप्सीवर करून अहवाल देता येईल का?

नाही, आणि यावर चर्चा नको. कुपीवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेलं आहे. रुग्णाच्या निदानासाठी वापरायच्या साहित्याला २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली वेगळी मान्यता लागते. संशोधनासाठी नमुना घ्यायचा असेल तरी नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती आधी आणा. आमच्या कुपीवरून कुणाच्या आईला ‘तुमच्या मुलाला हा आजार आहे’ असं सांगितलं जाऊ नये.

ही अँटिबॉडी खरीच आहे, हे मी परीक्षकांना कसं पटवू?

सर्वांत भक्कम पुरावा जनुकाचा: एसआयआरएनएने (जनुकाचं काम दाबणाऱ्या छोट्या आरएनएने) कॉक्स-फोर घटवलं की बँड घटला पाहिजे. ते जमत नसेल तर दुसऱ्या जागेवर चिकटणारी दुसरी अँटिबॉडी वापरा. आमच्याकडे सशाची आणि उंदराची अशा दोन ठेवण्याचं कारण हेच. पेशीत मायटोट्रॅकर या तंतुकणिका रंगवणाऱ्या रंगासोबत जाळं एकावर एक बसतं का, पाहा. अँटिबॉडी ज्या तुकड्यावर बनवली त्या पेप्टाइडने सिग्नल विझवून दाखवणं हा पुरावा मी कच्चा मानते. अँटिबॉडी दुसऱ्या प्रथिनाला चुकीची चिकटत असली, तरी ती जागाही पेप्टाइडने झाकलीच जाते.

प्रबंधात काय लिहायचं?

कंपनी, कॅटलॉग क्रमांक, क्लोन, लॉट क्रमांक, आरआरआयडी (संशोधन साहित्याचा ओळख क्रमांक), किती पातळ केली, किती वेळ आणि किती अंशांना ठेवली, आणि मेंब्रेनचं छिद्र. ब्लॉट पूर्ण छापा, मार्करसकट. फक्त १७ ची पट्टी कापून लावलीत तर वर-खाली काय होतं हे वाचणाऱ्याला कसं कळणार? आमच्या सगळ्या लॉटचे क्रमांक फ्रीझरच्या दाराला बांधलेल्या वहीत आहेत. कुपी संपली तरी तिचं पान काढू नका. दोन वर्षांनी कुणीतरी तुमचाच बँड पुन्हा काढायला येईल, तेव्हा त्याला ते पान लागेल.